शब्दचर्चा: ‘व्हिप’, ‘कॉकस’, ‘लीडरशिप रिव्ह्यू’ – कॅनडाच्या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाबद्दल मराठीत लिहिताना

ब्रॅम्प्टनकर

आमच्याकडच्या ज्येष्ठ मराठी मंडळींसाठी कॅनडाच्या राजकारणावर एक लेख लिहितो आहे. बरेच जण इथे मतदान करतात, पण बातम्या ऐकताना डोळ्यांपुढे चित्र दिल्ली-मुंबईचंच असतं. विषय घेतलाय कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षातली शिस्त. मुख्य प्रसंग २ फेब्रुवारी २०२२ चा. त्या दिवशी पक्षाच्या खासदारांनी गुप्त मतदान करून आपल्याच नेत्याला, एरिन ओटूल यांना, ७३ विरुद्ध ४५ मतांनी पायउतार केलं आणि संध्याकाळपर्यंत कॅन्डिस बर्गन यांना हंगामी नेत्या म्हणून निवडलंही.

तीन शब्दांपाशी अडलोय. ‘व्हिप’ला प्रतोद म्हणायचं की व्हिपच ठेवायचं? ‘कॉकस’ला काय म्हणावं? आणि ‘लीडरशिप रिव्ह्यू’ला? ‘नेतृत्वाचा आढावा’ लिहिलं तर कोणाची खुर्ची धोक्यात आहे असं वाटतच नाही.

जुना वार्ताहर

व्हिप या शब्दात दोन गोष्टी आहेत, आधी त्या वेगळ्या करा. एक माणूस आणि एक आदेश. माणसाला आपल्या विधिमंडळात प्रतोद म्हणतात आणि तो शब्द चांगला रुळलाय. आदेशाला ‘पक्षादेश’ आहे, पण वर्तमानपत्रं सर्रास ‘व्हिप बजावला’, ‘व्हिप झुगारला’ असंच छापतात. प्रतोद म्हणजे जनावरं हाकण्याची टोचणी, आसूड. इंग्रजी शब्द आला कोल्ह्याच्या शिकारीतून. भरकटलेल्या कुत्र्यांना पुन्हा कळपात आणणाऱ्या माणसावरून. ज्याने प्रतोद हा शब्द योजला त्याने मूळ कल्पना अचूक पकडली होती.

माझी अडचण पुढची आहे. १९८५ साली घटनेत दहावी अनुसूची आली, तेव्हापासून मराठी वाचकाच्या मनात ‘व्हिप मोडला’ या शब्दांना ‘अपात्रता’ चिकटली आहे. पक्षादेशाविरुद्ध मत दिलं आणि पक्षाने पंधरा दिवसांत ते माफ केलं नाही, तर सदस्यत्व जाऊ शकतं. २०२२ नंतर तर सुनील प्रभूंचा व्हिप खरा की भरत गोगावलेंचा, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. कॅनडात पक्षांतरबंदी कायदाच नाही. म्हणून शब्द प्रतोदच वापरा, पण पहिल्यांदा आला की तिथेच सांगून टाका: या प्रतोदाच्या हातात कुणाची खासदारकी नाही.

प्रेरीवासी

जुना वार्ताहर, तुमचं म्हणणं पूर्ण पटलं. त्याला बिल केसी यांचं उदाहरण जोडता येईल. नोव्हा स्कोशाचे कॉन्झर्व्हेटिव्ह खासदार. जून २००७ मध्ये अटलांटिक प्रांतांशी झालेल्या कराराच्या प्रश्नावर त्यांनी स्वतःच्या सरकारच्या अर्थसंकल्पाविरुद्ध मत दिलं. तेव्हाचे पंतप्रधान स्टीफन हार्पर यांच्या पक्षाने त्यांना ताबडतोब कॉकसमधून, म्हणजे पक्षाच्या संसदेतल्या गटातून, काढलं. पण खासदारकी शाबूत राहिली आणि २००८ ला ते अपक्ष म्हणून दणदणीत निवडून आले.

मग प्रतोदाच्या हातात असतं काय? समित्यांवरच्या जागा, परदेश दौरे, सभागृहात कोणाला बोलायला मिळणार त्याची यादी. ही यादी किरकोळ समजू नका. मार्च २०१३ मध्ये मार्क वरावा या खासदाराला मुलगी नको म्हणून होणाऱ्या गर्भपातांवर एक मिनिटाचं निवेदन करायचं होतं. गर्भपाताचा विषय पुन्हा उघडायचा नाही, हे हार्परांचं धोरण होतं, त्यामुळे पक्षाने त्यांचं नाव यादीतून काढलं. वरावांनी विशेषाधिकाराचा मुद्दा सभागृहाच्या अध्यक्षांपुढे नेला आणि पक्षातले इतर काही खासदारही त्यांच्या बाजूने उभे राहिले. २३ एप्रिलला अध्यक्षांनी निर्णय दिला: पक्षाची यादी ही सोय आहे, बंधन नाही; ज्याला बोलायचं आहे त्याने उठून उभं राहावं, अध्यक्ष त्याला संधी देऊ शकतात. ते अध्यक्ष म्हणजे अँड्र्यू शीअर, जे चार वर्षांनी याच पक्षाचे नेते झाले.

वरावांची भूमिका मला पटते का, हा प्रश्न इथे नाही. निवडून दिलेल्या माणसाला एक मिनिट बोलण्यासाठी पक्षाच्या कार्यालयाची परवानगी लागावी, हे मला आजही अस्वस्थ करतं. ‘पक्षशिस्त’ हा शब्द लिहिताना त्याची ही बाजूही वाचकाला दिसली पाहिजे.

ब्रॅम्प्टनकर

म्हणजे कायदा नसतानाही शिस्त एवढी कडक? ज्येष्ठ मंडळी पहिला प्रश्न हाच विचारणार.

जुना वार्ताहर

त्याचं उत्तर मराठीत दोन शब्दांत देता येतं: एबी फॉर्म. १९७० पासून कॅनडात मतपत्रिकेवर पक्षाचं नाव छापायला लागले आणि त्यासाठी पक्षनेत्याची सही लागायला लागली. सही नाही तर पक्षाचं नाव नाही. १९७४ मध्ये तेव्हाचे कॉन्झर्व्हेटिव्ह नेते रॉबर्ट स्टॅनफिल्ड यांनी हे अस्त्र वापरलं. मॉन्क्टनच्या स्थानिक कार्यकर्त्यांनी लिओनार्ड जोन्स यांना उमेदवार निवडलं होतं. जोन्स फ्रेंच-इंग्रजी द्विभाषा धोरणाचे कडवे विरोधक. स्टॅनफिल्डनी सही केली नाही. जोन्स अपक्ष उभे राहिले आणि जिंकले. स्टॅनफिल्डनी तत्त्वासाठी एक जागा घालवली, आणि त्याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. पण तीच सही पुढे प्रत्येक नेत्याच्या हातात राहिली, तत्त्व असो वा नसो. ज्येष्ठांना ‘नेत्याच्या सहीचा एबी फॉर्म’ एवढं म्हणा, बाकी ते आपसूक समजतील.

भाषांतरी

त्यात एक भर. २०१५ मध्ये संमत झालेल्या रिफॉर्म अ‍ॅक्टने ती सही नेत्याकडून काढून पक्ष नेमेल त्या व्यक्तीकडे दिली. हा कायदा मायकल चाँग यांनी खासगी विधेयक म्हणून आणला होता आणि चाँग स्वतः कॉन्झर्व्हेटिव्ह. प्रेस्टन मॅनिंग यांच्या जुन्या रिफॉर्म पक्षाशी नावापलीकडे त्याचा संबंध नाही. लेखात हा खुलासा हवाच, नाहीतर वाचक फसतील.

आता कॉकस. मराठी वाचकाला हा शब्द अमेरिकेतल्या आयोवामुळे माहीत आहे आणि तिथे त्याचा अर्थ अगदी वेगळा आहे. कॅनडात कॉकस म्हणजे पक्षाचे संसदेतले सगळे सदस्य, खासदार आणि सिनेटरही, जे दर बुधवारी सकाळी बंद दाराआड बसतात. माझी पसंती ‘संसदीय पक्ष’ या शब्दाला, आणि त्याचं कारण मे २०२३ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. प्रतोद नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा, विधिमंडळ पक्षाचा नव्हे, असं न्यायालयाने तेव्हा सांगितलं. त्या बातम्यांमुळे ‘राजकीय पक्ष’ आणि ‘विधिमंडळ पक्ष’ यांतला फरक सामान्य मराठी वाचकालाही कळला. तुमच्या लेखाला नेमका हाच फरक लागतो. आपल्याकडे कायद्याने पारडं राजकीय पक्षाकडे झुकवलं. कॅनडाच्या रिफॉर्म अ‍ॅक्टने ते संसदीय पक्षाकडे झुकवायचा प्रयत्न केला.

प्रयत्न म्हणतो, कारण कायदा आपोआप लागू होत नाही. प्रत्येक सार्वत्रिक निवडणुकीनंतरच्या पहिल्या बैठकीत प्रत्येक पक्षाच्या खासदारांनी ठरवायचं, यातले कोणते अधिकार आपण घेणार. सदस्याला काढणं-परत घेणं, बैठकीचा अध्यक्ष निवडणं, नेत्याला हटवणं, हंगामी नेता निवडणं, अशी वेगवेगळी कलमं आहेत. नेत्याला हटवण्याचं कलम स्वीकारलेलं असेल तर वीस टक्के खासदारांच्या सह्यांचं पत्र पुरतं. मग गुप्त मतदान होतं आणि बहुमत निर्णायक. ओटूलविरोधी पत्रावर ११९ पैकी ३५ जणांच्या सह्या होत्या.

आणि एक गोष्ट लेखात नक्की घ्या. जानेवारी २०२१ मध्ये डेरेक स्लोन या खासदाराला काढण्यासाठी ओटूल यांनीच याच कायद्याचा आधार घेतला होता. वर्षभराने त्याच कायद्याचं दुसरं कलम त्यांच्यावर चाललं.

प्रेरीवासी

भाषांतरी, ‘संसदीय पक्ष’ चांगला आहे, पण सिनेटरांचं काय? नोव्हेंबर २०२१ मध्ये सस्कॅचवनच्या सिनेटर डेनिस बॅटर्स यांनी ओटूलविरुद्ध सह्यांची मोहीम काढली. ओटूलनी त्यांना राष्ट्रीय कॉकसमधून काढलं, पण सिनेटरांच्या कॉकसमध्ये त्या राहिल्याच. आणि २ फेब्रुवारीला मत होतं फक्त खासदारांना.

भाषांतरी

बरोबर. मग बुधवारच्या बैठकीबद्दल लिहाल तेव्हा ‘संसदीय पक्ष’ आणि मतदानाबद्दल लिहाल तेव्हा स्पष्टपणे ‘पक्षाचे खासदार’. दोन्हीकडे एकच शब्द ताणू नका.

ब्रॅम्प्टनकर

आभार. एका ठिकाणी मी ‘एकमताने मंजूर’ लिहिलंय, तेही तपासून हवं. डिसेंबर २०२१ ला कन्व्हर्जन थेरपीवर, म्हणजे समलिंगी व्यक्तींचा कल जबरदस्तीने बदलू पाहणाऱ्या ‘उपचारां’वर बंदी आणणारं विधेयक कनिष्ठ सभागृहात एका दिवसात पार पडलं.

भाषांतरी

‘एकमताने’ नको. तिथे मतदान झालंच नाही. कॉन्झर्व्हेटिव्ह खासदार रॉब मूर यांनी सगळे टप्पे एकदम पार पाडण्याचा प्रस्ताव मांडला आणि कोणी ‘नाही’ म्हटलं नाही. ‘कोणीही हरकत न घेता संमत’ असं लिहा. फरक मोठा आहे. त्याच वर्षी जूनमध्ये आधीच्या विधेयकाविरुद्ध ६२ कॉन्झर्व्हेटिव्ह खासदारांनी मत दिलं होतं, म्हणजे निम्म्याहून जास्त. पुन्हा मतदान झालं असतं तर पक्षाची फूट पुन्हा नावानिशी नोंदली गेली असती. नेतृत्वाने ती वेळ येऊच दिली नाही. बंदी आली ते चांगलंच झालं. पण ज्यांना विरोध नोंदवायचा होता ते बांधले गेले, आणि ती धग दोन महिन्यांनी मतपेटीत दिसली. एकट्या या कारणाने ओटूल पडले असं मात्र लिहू नका. २०२० मध्ये ‘खरा निळा’ म्हणून सदस्यांकडून मतं मागायची आणि २०२१ मध्ये कार्बनवर शुल्क मान्य करायचं, हा बदल त्यांनी खासदारांशी पुरेसं न बोलता केला. वर निवडणूकही हरले.

प्रेरीवासी

‘खरा निळा’ असं थेट ठेवलंत तर खुलासा लागेल. कॅनडात निळा रंग कॉन्झर्व्हेटिव्हांचा, लाल लिबरलांचा. आणि ‘रेड टोरी’चं (टोरी म्हणजे कॉन्झर्व्हेटिव्ह) ‘लाल टोरी’ तर मुळीच करू नका. मराठीत लाल म्हटलं की लाल बावटा आठवतो. रेड टोरी म्हणजे परंपरा मानणारा, पण सरकारने दुबळ्यांना आधार द्यावा असंही मानणारा. हा प्रवाह एकेकाळी या पक्षाचा कणा होता. ‘उदार टोरी’ म्हणावं तर लिबरल वाटतो. मी ‘रेड टोरी’ तसाच ठेवून एका वाक्यात अर्थ देईन.

पक्षाच्या जुन्या नावाचाही असाच पेच आहे. ‘प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह’चं ‘पुरोगामी पुराणमतवादी’ केलं की वाचक चुकीची छपाई समजेल. १९४२ मध्ये मॅनिटोबाचे प्रोग्रेसिव्ह प्रीमियर (प्रांताचे मुख्यमंत्री) जॉन ब्रॅकन नेते झाले, त्यांच्या अटीवरून ते नाव आलं. नावं तशीच ठेवावीत. जुन्या मराठी वृत्तपत्रांनी ब्रिटनच्या पक्षाला ‘हुजूर पक्ष’ केलं, ते फार सुंदर होतं, पण इथे लागू पडत नाही.

जुना वार्ताहर

रिव्ह्यूचा प्रश्न राहिला. माझं उत्तर ‘कौल’. सदस्यांनी, अधिवेशनाच्या प्रतिनिधींनी नेत्याबद्दल दिलेला कौल. निवडणूक हरल्यावर नेत्याने राजीनामा दिला नसेल, तर पुढच्या राष्ट्रीय अधिवेशनात नेतृत्वाची निवडणूक घ्यायची का, यावर प्रतिनिधींचं गुप्त मतदान होतं. कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्या घटनेतच तसं आहे.

कौल हा शब्द इथे फार बसतो, कारण नुसतं बहुमत पुरत नाही. प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्हांचे नेते जो क्लार्क यांना १९८३ ला विनिपेगमध्ये सुमारे ६७ टक्के मिळाले. त्यांना ते अपुरे वाटले, त्यांनी स्वतःच नेतृत्वाची निवडणूक लावली आणि ब्रायन मलरोनींकडून हरले. अल्बर्टात प्रीमियर राल्फ क्लाइन २००६ ला ५५ टक्क्यांवर अडले आणि त्यांची कारकीर्द संपली. तिथेच प्रीमियर जेसन केनी यांना मे २०२२ मध्ये ५१.४ टक्के मिळाले. नियमाने ते जिंकले होते, तरी त्याच रात्री राजीनाम्याची घोषणा केली. आकडा जिंकला, कौल हरला. ‘आढावा’ या शब्दात हे येतच नाही.

ओटूल यांचं मात्र कौलाने झालं नाही. अधिवेशनापर्यंत थांबायला खासदार तयार नव्हते. त्याला ‘खासदारांचा अविश्वास’ म्हणा. लेखात हे दोन शब्द काटेकोर वेगळे ठेवलेत तर कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाची सगळी ओढाताण त्यात दिसेल: सदस्य निवडतात, खासदार हटवतात, आणि नेत्याला दोघांनाही धरून ठेवावं लागतं. ‘बंड’ शक्यतो टाळा. कायद्याने दिलेला अधिकार वापरणं हे बंड नव्हे.

ब्रॅम्प्टनकर

‘कौल’ आणि ‘अविश्वास’ ठरलं. ‘फ्लोअर क्रॉसिंग’ला पक्षांतर चालेल ना? बेलिंडा स्ट्रॉनाक यांचा प्रसंग घेतोय.

प्रेरीवासी

चालेल. फक्त आपल्याकडे पक्षांतर हा जवळजवळ गुन्ह्यासारखा शब्द झालाय. स्ट्रॉनाक २००४ ला या पक्षाच्या नेतेपदाच्या उमेदवार होत्या. १७ मे २००५ ला त्या लिबरलांकडे गेल्या, मंत्री झाल्या, आणि दोनच दिवसांनी अर्थसंकल्पावर १५२-१५२ अशी बरोबरी झाल्यावर अध्यक्ष पीटर मिलिकन यांच्या निर्णायक मताने सरकार वाचलं. संताप प्रचंड झाला, पण जागा त्यांचीच राहिली. नोव्हेंबर २०२५ मध्ये कॉन्झर्व्हेटिव्ह खासदार क्रिस डँट्रमाँ लिबरलांकडे गेले तेव्हाही तेच.

भाषांतरी

शेवटचं, ‘लीडर’ला ‘पक्षाध्यक्ष’ लिहू नका. मराठी बातम्यांत हे नेहमी होतं. कॅनडात पक्षाचा अध्यक्ष वेगळा असतो, तो संघटना सांभाळतो. लीडर म्हणजे पक्षनेता. आणि विरोधी पक्षनेता हे पद त्याहूनही वेगळं, सभागृहातलं. २८ एप्रिल २०२५ च्या निवडणुकीत पिएर पॉलिएव्ह कार्लटनमधून पडले, तरी पक्षनेते राहिले. सभागृहात विरोधी पक्षनेत्याची जबाबदारी शीअर यांनी घेतली. १८ ऑगस्टला अल्बर्टातल्या बॅटल रिव्हर–क्रोफूटची पोटनिवडणूक पॉलिएव्ह जिंकले, तेव्हा कुठे दोन्ही पदं पुन्हा एका माणसाकडे आली. आणि मधल्या काळात, मे महिन्यातच, खासदारांनी नेत्याला हटवण्याचा अधिकार पुन्हा आपल्याकडे घेऊन ठेवला होता. तुमच्या लेखाच्या उत्तरार्धाची सुरुवात मी तिथून करेन.