रिकामे चौक, लांब सावल्या: हे एकटेपण खरं की नेपथ्य?

रेघोटी:
इटालियन चित्रकार ज्योर्जो दे किरिकोची १९१० ते १९१४ मधली चित्रं दाखवली की लोक म्हणतात, "किती एकाकी!" पण नुसती माणसं नसल्याने चित्र एकाकी होत असेल, तर प्रत्येक ओसाड निसर्गचित्र तसं वाटायला हवं. तसं वाटत नाही. माझ्या मते इथे काम भूमिती करते. 'रस्त्याचं गूढ आणि विषण्णता' (१९१४) बघा. डावीकडच्या पांढऱ्या कमानींच्या रेषा एकीकडे धावतात, उजवीकडची अंधारी इमारत दुसरीकडे, आणि उघड्या दारांची ती गाडी तिसऱ्याच हिशोबाने उभी आहे. चाक पळवत निघालेली मुलगी आणि कोपऱ्याआडून डोकावणारी कुणाचीतरी सावली यांची जमीनच एक नाही. भेट होणार कशी? हुरहुर लागते ती यामुळे.

नेपथ्यकार:
फार देताय त्याला. कमान, पुतळा, घड्याळ, लांब सावली: हा नाटकाचा सेट झाला. पुढे याच गृहस्थाने स्वतःच्या जुन्या चित्रांच्या प्रती काढल्या आणि काहींवर चक्क मागच्या तारखा टाकल्या. मागणीनुसार पुन्हा काढता येते ती हुरहुर कसली? रिकामपण बघायचं तर डॅनिश चित्रकार हामर्सहोईकडे जा. कोपनहेगनमधल्या स्वतःच्या घरातल्या खोल्या. 'सूर्यकिरणांत नाचणारे धूलिकण' (१९००) मध्ये खिडकी, बंद दार आणि जमिनीवर उतरलेलं ऊन, बस्स. कोडं नाही, सूचक सावली नाही, तरी जीव कासावीस होतो.

रेघोटी:
हामर्सहोई मलाही आवडतो (त्याचे करडे रंग तर फारच), पण पुढे प्रती काढल्या म्हणून १९१४ चं चित्र खोटं कसं ठरतं? आणि सेट म्हणाल तर त्याच्या कितीतरी चित्रांत भिंतीमागून जाणारी आगगाडी आठवा. किरिकोचे वडील रेल्वेचे इंजिनिअर होते. ते १९०५ मध्ये गेले तेव्हा हा सोळा वर्षांचा होता. ती गाडी बाजारातून आणलेली नाही.

काठावरची:
रेघोटी, भूमितीवरून थेट वडिलांवर? गाडी दिसली की बाप, हे वाचन मला आळशी वाटतं. तुमचा पहिलाच मुद्दा बरा होता. मला तर १९१२-१३ ची अरिआड्नेची चित्रं जास्त छळतात. ग्रीक कथेत थीसियस तिला नाक्सोस बेटावर झोपेतच टाकून निघून जातो. किरिको तिचा निजलेला पुतळा भर चौकात ठेवतो. आपण सोडले गेलोय हे तिला अजून कळलेलंच नाही, कळलंय ते बघणाऱ्याला. शिवाय काही चित्रांत मागे ठिपक्याएवढी दोन माणसं आहेत. म्हणजे चौक पूर्ण रिकामाही नाही, आणि तिच्याकडे कुणाचं लक्ष नाही.

नेपथ्यकार:
मग परिणाम गोष्टीचा झाला, चित्राचा नव्हे. कथा ठाऊक नसलेल्याला तो आडवा दगड आहे.

काठावरची:
असेल. मग घड्याळाचं बोला, त्याला कथा लागत नाही. 'भविष्यवेत्त्याचं बक्षीस' (१९१३) मध्ये काटे दोनच्या आसपास आहेत आणि सावल्या मात्र दिवस कलल्यासारख्या लांब. हे नेपथ्य असेल तर प्रकाशयोजना कुणाच्या वेळेने केलीय तेवढं सांगा.