टक्केवारी निविदांमधली रिंग (ठेकेदारांचं संगनमत) आकड्यांवरून कशी ओळखावी?

लेखाशाखा: नगरपालिकेच्या रस्तेकामांच्या पाच वर्षांच्या ई-निविदा एक्सेलमध्ये आहेत: ठेकेदार, अंदाजपत्रकापेक्षा किती टक्के कमी-जास्त, एल-१ (सर्वांत कमी दराचा) कोण. पायथनमध्ये विचरण गुणांक (प्रमाण विचलन भागिले सरासरी) काढला, तर कुठे ३०० टक्के येतो, कुठे उणे. असं का? आणि संशयास्पद कामं थेट स्पर्धा आयोगाकडे पाठवता येतात का?

सांख्यिकी_प्रेमी: टक्केवारीची सरासरी शून्याजवळ असते, म्हणून भागाकार बिघडतो. ‘५ टक्के कमी’ला ०.९५ करून अंदाजपत्रकाने गुणा. जीएसटी सगळीकडे धरा किंवा सगळीकडे वगळा. मात्र एकट्या विचरण गुणांकावर थांबू नका. समजा, दर ९२, ९९.५, १०० आणि १००.४ लाख आहेत. गुणांक ४.१ टक्के, वरवर काही खटकत नाही. आता एल-१ आणि एल-२ मधलं अंतर (७.५) हरलेल्या तिघांच्या प्रमाण विचलनाने (०.४५) भागा: साधारण १६.६! हरणारे एकमेकांना चिकटलेले आणि जिंकणारा सुरक्षित अंतरावर, ही डमी (फक्त दिखाव्यासाठी भरलेल्या) निविदांची खूण. दोघेच हरले असतील तर हा आकडा फार डळमळतो, अशी कामं वेगळी काढा.

डेटाजोडणी: त्याआधी ठेकेदार पॅनवरून जुळवा. ‘मे.’, ‘अँड सन्स’, स्पेलिंग यांमुळे एकाच फर्मच्या तीन होतात आणि कोण कोणासोबत भरतो, आळीपाळीने कोण जिंकतो, हे दिसतच नाही. बीओक्यू (कामाच्या बाबी आणि दरांचा तक्ता) फाइलचे गुणधर्मही पाहा: शेवटचा बदल करणारा एकच, वेळ काही मिनिटांच्या फरकाने. आयपी पत्ता जुळला तर जपून. कित्येक ठेकेदार एकाच सायबर कॅफेतून निविदा भरतात.

स्पर्धाकायदा: आयोगाला माहिती स्पर्धा कायद्याच्या कलम १९(१)(अ) खाली कोणीही देऊ शकतं. पण २०२३च्या दुरुस्तीने तीन वर्षांची मुदत घातली आहे. विलंबाला सबळ कारण नसेल तर तुमची जुनी दोन वर्षं अडकतील, म्हणून अलीकडची कामं आधी घ्या. प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर आयोग महासंचालकांना (आपल्या तपास शाखेच्या प्रमुखांना) चौकशी सांगतो.

नुसते सारखे दर मात्र पुरत नाहीत. एलपीजी सिलिंडर प्रकरणात (२०१८) सर्वोच्च न्यायालयाने मोजकेच खरेदीदार असलेल्या बाजाराची रचना पाहून संगनमताचा निष्कर्ष रद्द केला. उलट अन्न महामंडळाच्या धान्यातली कीड मारणाऱ्या गोळ्यांच्या २००९च्या निविदेत तीन कंपन्यांनी किलोला नेमका ३८८ रुपये दर भरला होता. तिथे उत्पादन खर्च वेगवेगळे असूनही दर एकच, आणि २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संगनमताचा निष्कर्ष कायम ठेवला. तुमच्याकडेही डांबर प्लांटपासूनचं अंतर, यंत्रसामग्री यांवरून खर्च वेगळा असायला हवा होता, हे दाखवा. मूळ फाइल्सना हात लावू नका. प्रतीवर काम करा आणि हॅश मूल्य (फाइल बदलली नाही हे दाखवणारा तिचा डिजिटल ठसा) आजच नोंदवा, भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३च्या कलम ६३च्या प्रमाणपत्रात ते मागतात.