मदत हवी आहे: चार्जिंग स्टेशनची यादी गाडीच्या स्क्रीनवर कशी दाखवू?

नमस्कार मंडळी, मी पुण्यात अँड्रॉइडचं काम करतो. मी आणि एक मित्र मिळून इव्हीच्या चार्जिंग स्टेशनचं छोटं अ‍ॅप करतोय, फोनवर ते नीट चालतंय, आता तेच अँड्रॉइड ऑटोवर (फोनचं अ‍ॅप गाडीच्या स्क्रीनवर दाखवणारी सोय) आणायचंय आणि तिथे गाडी अडलीय. कोड जमतोय, पण स्क्रीनवर काय ठेवायचं आणि काय काढायचं तेच कळेनासं झालंय.

झालं असं, गेल्या महिन्यात बाबांबरोबर साताऱ्याला निघालो, बाबा चालवत होते, मी शेजारी. शिरवळच्या पुढे, घाट लागायच्या आधी बॅटरी २२ टक्के, म्हटलं बाबा जवळचं स्टेशन निवडा बघू. त्यांनी डावा हात स्क्रीनकडे नेला, बोट टेकणार तेवढ्यात ओळी वरखाली झाल्या, कारण यादी अंतराप्रमाणे लावलेली आणि मी ती दर दहा सेकंदांनी परत लावत होतो. दुसरं नाव पहिलं झालं, पहिलं गेलं तिसऱ्यावर. बाबा परत पहिल्यापासून वाचायला लागले. मी मनात सेकंद मोजत होतो, चार झाले आणि जोरात म्हणालो, बाबा पुढे बघा! ट्रक लांब होता, काही झालं नाही, पण घरी येऊन हिशेब केला. ८० च्या स्पीडला सेकंदाला २२ मीटर, म्हणजे जवळजवळ ९० मीटर गाडी न बघता गेली आणि ती माझ्या अ‍ॅपमुळे गेली. हे डोक्यातून जात नाहीये. तेव्हापासून रस्त्यावरचं टेस्टिंग बंद, सगळं घरी डेस्कटॉप हेड युनिटवर, म्हणजे कॉम्प्युटरवर गाडीची स्क्रीन दाखवणाऱ्या प्रोग्रॅमवर करतो.

तर विचारायचंय ते हे. एक म्हणजे थोड्या वेळाने यादी जाऊन तिथे एररच येतो, तो का? दुसरं, एका ओळीत किती माहिती द्यावी? आत्ता नाव, अंतर, किती किलोवॅट, किती गन (चार्जिंगचे प्लग) रिकाम्या, दर आणि रेटिंग इतकं सगळं आहे, शिवाय मराठी नावं लांब असल्यामुळे मधेच कापली जातात. आणि कनेक्टरचे, म्हणजे गाडीला कुठल्या प्रकारचा प्लग बसतो त्याचे फिल्टर कुठे ठेवू? मित्र म्हणतो फोटो आणि रिव्ह्यूही हवेत, मला ते अजिबात पटत नाही पण त्याला समजावायला नुसतं माझं मत पुरत नाहीये.

कऱ्हाडकर:
एररचं कारण तुझी यादी परत परत लावणं हेच आहे. एका कामासाठी सलग पाचच टेम्प्लेट, म्हणजे ठरलेल्या साच्यातल्या स्क्रीन मिळतात. ओळी तितक्याच आणि त्यातला मजकूर तोच असेल तर तो रिफ्रेश, म्हणजे तीच स्क्रीन ताजी केली असं धरतात, मोजत नाहीत, पण क्रम बदललास की प्रत्येक ओळीचं नाव बदललं, म्हणजे नवीन टेम्प्लेट. दर दहा सेकंदांनी म्हणजे मिनिटभरात कोटा संपला. क्रम एकदा लाव आणि हात लावू नको. अंतर डिस्टन्सस्पॅनमध्ये (ओळीतला अंतरासाठीचा वेगळा भाग) टाक, तो बदलला तरी रिफ्रेशच धरतात. यादी बदलायचीच असेल तर रिफ्रेशचं बटण दे, चालवणाऱ्याला वाटेल तेव्हा तो दाबेल. लांब नावांसाठी कारटेक्स्टमध्ये (स्क्रीनवरच्या मजकुराचा कोडमधला प्रकार) व्हेरियंट देता येतात, एक पूर्ण नाव आणि एक आखूड, जागा असेल त्याप्रमाणे होस्ट, म्हणजे स्क्रीन दाखवणारं अँड्रॉइड ऑटो निवडतो. आखूड नाव तूच हाताने लिही, 'सुरूर फाटा' एवढं पुरतं, पुढे कंपनीचं नाव कशाला.

मित्राला हे सांग: अमेरिकेतल्या रस्ता सुरक्षा खात्याने २०१३ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात एका वेळी नजर साधारण २ सेकंद आणि अख्ख्या कामाला मिळून १२ सेकंद असा हिशेब आहे. रिव्ह्यू वाचायला बारा सेकंद कुठे पुरतात?

निशिगंध:
मला कोड कळत नाही पण मी रोज इव्ही चालवते म्हणून सांगते. चालवताना मला दोनच गोष्टी हव्या असतात, तिथपर्यंत पोचेन का आणि गेल्यावर गन रिकामी असेल का. दर मला घरून निघतानाच माहीत असतो. कनेक्टर तर गाडी घेतली त्या दिवशीच ठरला, तो मला दर वेळी का विचारायचा? एकदा फोनवर विचारून घ्या. आणि रात्री पांढरी स्क्रीन नको हो, घाटात डोळे दिपतात.

कऱ्हाडकर:
ताईंचं बरोबर आहे. फिल्टर ठेवायचाच असेल तर त्या बटणाला पार्क्डओन्लीऑनक्लिकलिसनर लाव, गाडी चालू असताना दाबलं तर होस्टच अडवतो.

धागाकर्ता:
दोघांचे मनापासून आभार. काल रात्री बसून क्रम पक्का केला, हेड युनिटवर अर्धा तास चालू ठेवलं, एकदाही एरर नाही. दर, रेटिंग आणि फोटो काढले. ओळीत नाव, अंतर आणि 'रिकामं' किंवा 'भरलेलं' एवढंच ठेवलंय, तेही यादी उघडली तेव्हाचं. कनेक्टर फोनवर एकदाच विचारतो. मित्राला बारा सेकंद घड्याळ लावून रिव्ह्यू वाचायला दिले, तिसऱ्या रिव्ह्यूलाच वेळ संपली, आता तोही तयार झालाय.

एक शंका राहिलीय. क्रम पक्का ठेवला की गाडी पुढे गेल्यावर मागे राहिलेलं स्टेशन यादीत सगळ्यात वर तसंच दिसतं. ते काढलं तर ओळी हलणार, ठेवलं तर बाबा त्याच्यावरच बोट टेकवणार आणि यू टर्न शोधत बसणार. हायवेवर अशा वेळी तुम्ही काय करता?