‘भावना ओळखणारे यंत्र’ : ओळखणे की ताडणे?

प्रश्न :

मी आरोग्यविषयक मजकुराचे मराठी भाषांतर करतो. सध्याचा लेख मेंदूतील विद्युतलहरींवरून माणसाची भावना कळवणाऱ्या ब्रेन-कॉम्प्युटर इंटरफेसविषयी आहे. ‘भावना ओळखणारा मेंदू-संगणक अंतराफलक’ असे शीर्षक मी दिले, परंतु घरात वाचून दाखवले तेव्हा ‘अंतराफलक’ म्हणजे काय हे कोणालाच सांगता येईना. शिवाय ‘व्हॅलन्स’ या संज्ञेसाठी कोशातून ‘संयुजा’ घेतला आहे, आणि तोही खटकतो. जाणकारांनी कृपया सुचवावे.

प्रतिसाद :

‘संयुजा’ आधी काढून टाकावा, कारण तो रसायनशास्त्रातला, अणूंच्या जोडणीचा शब्द आहे आणि येथे त्याचे काहीच काम नाही. भावनेच्या संदर्भात व्हॅलन्स म्हणजे अनुभव सुखद वाटतो की दुःखद, याचे माप होय. तर्कसंग्रह या न्यायशास्त्रावरील संस्कृत ग्रंथात सुखाची व्याख्या अनुकूल वाटणारे आणि दुःखाची प्रतिकूल वाटणारे अशीच केलेली असल्यामुळे ‘अनुकूलता’ हा शब्द आपल्याकडे तयारच आहे. त्याचा जोडीदार ‘अराउझल’ याला ‘उद्दीपन’ म्हणण्याचा मोह होतो, पण रसचर्चेत उद्दीपन विभाव म्हणजे चांदणे, वसंत यांसारखी बाहेरची सामग्री. येथे मात्र मन किती चेतले आहे हे सांगायचे आहे, म्हणून मी ‘चेतलेपणा’ लिहीन.

‘अंतराफलक’ हा मूळ शब्दाचे तुकडे करून प्रत्येकाला प्रतिशब्द चिकटवल्याचा परिणाम दिसतो. 1973 मध्ये जाक व्हिडाल या संशोधकाने ‘ब्रेन-कॉम्प्युटर इंटरफेस’ ही संज्ञा रूढ केली, तेव्हा मेंदू आणि संगणक यांच्यात थेट दळणवळण घडवणे हाच तिचा आशय होता. त्यासाठी ‘दुवा’ पुरेसा आहे. साखळीतला दुवा सर्वांना ठाऊक आहे, आणि ‘दुवा देणे’ यातील दुव्याशी त्याची गल्लत कोणी करील असे वाटत नाही.

आता नामाकडे वळतो. ‘भावना’ हा शब्द मराठीत फार पसरलेला आहे: ती दुखावते, अनावर होते, आणि वैद्यांच्या खलात तर आवळ्याच्या चूर्णाला आवळ्याच्याच रसाची भावना देतात, म्हणजे रस घालून ते पुन्हा पुन्हा घोटतात. मुरलेपणाची ही छटा शब्दात अजून आहे. यंत्रासमोर काही सेकंदांपुरती जी अवस्था असते तिला ‘भाव’ म्हणणे अधिक नेमके ठरेल. मात्र ‘भाव कळवणारे यंत्र’ असे वाचताच बाजार समितीतला कांद्याचा दरफलक डोळ्यांसमोर येतो, तेव्हा शीर्षकात ‘भावना’ आणि मजकुरात ‘भावावस्था’ ही तडजोड मला मान्य आहे.

परंतु आपल्या शीर्षकातील खरी अडचण क्रियापदात आहे. ओळखण्यासाठी ती वस्तू समोर असावी लागते. ईईजी, म्हणजे मेंदूतील विद्युतलहरींचा आलेख, काढताना डोक्यावर ठिकठिकाणी जेल लावून चकत्या बसवतात आणि त्यांतून मायक्रोव्होल्टमध्ये मोजावी लागणारी क्षीण वीज टिपतात. हान्स बर्गर यांनी 1924 मध्ये माणसाच्या मेंदूची पहिली नोंद घेतली तीही अशा विजेचीच. म्हणजे टिपली जाते ती वीज, भावना नव्हे. त्या विजेला भावनेचे नाव कोठून मिळते हेही पाहावे. या क्षेत्रात नेहमी वापरला जाणारा डीप (DEAP) हा विदासंच, म्हणजे नोंदींचा संग्रह, 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात 32 जणांना एकेका मिनिटाच्या 40 संगीत-चित्रफिती दाखवल्या आणि प्रत्येक फितीनंतर अनुकूलता, चेतलेपणा वगैरेंसाठी त्यांनी स्वतःच 1 ते 9 या मापावर गुण दिले. यंत्र शिकते ते या लहरी आणि हे गुण यांची सांगड घालायला.

त्यात आणखी एक गंमत आहे. आपण रागाने दातओठ खातो तेव्हा जबड्याच्या आणि कानशिलाच्या स्नायूंची वीज त्याच चकत्यांत उतरते आणि मेंदूच्या जलद लहरींत मिसळते. ती नीट गाळली नाही, तर मेंदूतला संताप सापडला असे आपण म्हणू, आणि सापडलेला असेल तो आवळलेला जबडा. नाट्यशास्त्रकार भरताने स्वेद, रोमांच, कंप, अश्रू असे आठ सात्त्विक भाव सांगितले, तेही मनातले बाहेर दाखवणारी अंगावरची चिन्हे म्हणून. चिन्हावरून आत काय चालले आहे याचा अंदाज बांधणे याला मराठीत ‘ताडणे’ असे अचूक क्रियापद आहे: ‘तिच्या आवाजावरून मी ताडले.’ ताडलेले चुकू शकते हे त्या शब्दातच गृहीत असते.

हा नुसता कीस काढणे नव्हे. युरोपीय संघाच्या कृत्रिम बुद्धिमत्ता कायद्यात अशा प्रणालींच्या व्याख्येत ‘ओळखणे किंवा अनुमान काढणे’ अशा अर्थाची दोन्ही क्रियापदे आहेत. पण कामाच्या ठिकाणी आणि शिक्षणसंस्थांत, वैद्यकीय व सुरक्षिततेची कारणे वगळून, फेब्रुवारी 2025 पासून जी बंदी लागू झाली तिच्या कलमात केवळ ‘अनुमान काढणे’ आहे. त्यामुळे औपचारिक मजकुरात ‘भावानुमान’ हे नाम चालवावे.

दुसरा प्रतिसाद :

‘ताडणे’ आवडला, पण संस्कृत वळणाच्या वाचकाला ‘ताडन’, म्हणजे मारणे, आठवेल. शिवाय ‘यंत्राने ताडले’ म्हटले की यंत्राला माणसाची चतुराई बहाल केल्यासारखे होते. ताडणारा माणूसच राहू द्यावा.

प्रश्नकर्ता :

दोन्ही प्रतिसादांबद्दल आभारी आहे. ‘ताडन’ची शंका मी सोडून देतो, कारण ‘वरून’ हा शब्द आधी आला की अर्थ आपोआप ठरतो. दुसरी सूचना मात्र स्वीकारली आहे. शीर्षक आता ‘मेंदूच्या लहरींवरून भावना ताडताना’ असे केले असून पहिले वाक्य असे आहे : ‘मेंदू-संगणक दुव्याने टिपलेल्या विद्युतलहरींच्या आधारे संशोधक व्यक्तीच्या भावावस्थेचे अनुमान काढतात.’