गाडी विकतोय, पण ४६ हजारांचं सॉफ्टवेअर कुणाचं?

टॉवेल_एमएच१३

नमस्कार. अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझे टॉवेलचे माग आहेत. तीन वर्षांपूर्वी इलेक्ट्रिक गाडी घेतली. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण बोलणी अजून चालू आहेत. २०२३ च्या दिवाळीत कंपनीच्या ॲपवरून ४६ हजार भरून ड्रायव्हर असिस्ट पॅकेज चालू करून घेतलं. पुढच्या गाडीपासून अंतर राखणारा क्रूझ, लेन सुटायला लागली की स्टिअरिंग हलकेच मागे ओढणं, असं सगळं त्यात आहे. कॅमेरे आणि रडार गाडीत पहिल्यापासून बसवलेले होते, त्यांचे पैसे गाडीच्या किमतीतच गेले. वर्कशॉपलाही जावं लागलं नाही. जुळे सोलापुरात घरासमोर गाडी उभी होती, तिथेच रात्री अपडेट झालं. पावतीवर 'लाइफटाइम' असा शब्द आहे.

पैसे वाया गेले असं एक दिवस वाटलं नाही. महिन्यातून दोनदा मालाचे नमुने घेऊन पुण्याला जातो. गाळपाच्या दिवसांत टेंभुर्णी ते मोहोळ रात्री ज्यांनी गाडी चालवलीय त्यांना सांगायला नको. ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, ऊस दोन्ही अंगांनी बाहेर आलेला. मागच्या जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेसाठी परत येत होतो, तेव्हा मला ट्रॉली दिसायच्या आधी गाडीने वेग कमी केला. आई शेजारच्या सीटवर झोपली होती.

आता आईच्या गुडघ्यांमुळे त्याच कंपनीची उंच, मोठी गाडी घेतोय. शोरूममध्ये विचारलं, पॅकेज नव्या गाडीवर चढवाल ना? म्हणाले, नाही, ते चेसिस नंबरला बांधलेलं आहे. बरं, म्हटलं, मग जुन्या गाडीबरोबर जाऊ द्या. ती घेणारे गुरुजी रोज मंगळवेढ्याला जाऊन-येऊन करतात, तिकडेही उसाच्या ट्रॉल्या आहेतच. तर म्हणाले, ॲपमध्ये मालकाचं खातं बदललं की पॅकेज बंद होतं, नव्या मालकाने परत पैसे भरायचे.

मी घेऊन जातो म्हटलं तर ते गाडीचं, आणि गाडीसोबत देतो म्हटलं तर ते माझं. मग लाइफटाइम म्हणजे नेमकं कुणाचं लाइफ?

माझ्या वडिलांनी जकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, चादरी काढल्या. डिझाइनची भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं तेव्हा पैसे देऊन करून घ्यावी लागायची. जुना माग भंगारात घातला तेव्हा वडिलांनी कार्डांची माळ उतरवली, दोरीने बांधली आणि नव्या मागावर चढवली. जकार्डचे हुक जुळले की झालं. मोराचं डिझाइन जुन्या मागाचं होतं असं सांगायला कुणी आलं नाही. माझी मागणी तेवढीच आहे. नव्या गाडीत तेच कॅमेरे, तेच रडार असेल तर माझं पॅकेज माझ्याबरोबर यावं.

कुणी अशी बदली करून घेतली आहे का?

होटगीरोड_जुन्या_गाड्या

मालक, बारा वर्षं जुन्या गाड्यांचा धंदा करतोय, म्हणून स्पष्ट लिहितो. ते गाडीबरोबरच गेलं पाहिजे. टॉप मॉडेलचे जादा पैसे तुम्ही भरले म्हणून सनरूफ उचकटून कुणी नव्या गाडीला लावत नाही. गाडीत जे आहे ते घेणाऱ्याचं.

माझी अडचण वेगळी आहे. ट्रायलला गिऱ्हाईक बसतं, स्क्रीनवर सगळं चालू दिसतं, भाव त्यावर ठरतो. पंधरा दिवसांनी आरसी नावावर होते, खातं बदलतं आणि ते फीचर गायब. गिऱ्हाईक कंपनीकडे जात नाही, माझ्या दारात येतं. दोनदा झालंय असं. तेव्हापासून अशा पॅकेजचा मी एक रुपया धरत नाही. तुमच्या ४६ हजारांची बाजारात किंमत शून्य आहे, आणि ती मी नाही, कंपनीच्या त्या नियमाने केली.

हिंजवडीतला_सोलापूरकर

काका, मी गाड्यांच्या सॉफ्टवेअरमध्येच काम करतो, तुमच्या कंपनीत नाही. हे आतून कसं चालतं ते सांगतो. पैसे भरल्यावर कंपनीच्या सर्व्हरवर तुमच्या चेसिस नंबरपुढे एक नोंद होते आणि त्या गाडीपुरती डिजिटल किल्ली तयार होऊन गाडीतल्या कंट्रोल युनिटला जाते. एका नंबरची किल्ली रद्द करून दुसऱ्याची काढणं अवघड नाही. अवघड आहे ते गाडीचं. नव्या मॉडेलचा कॅमेरा वेगळ्या उंचीवर असतो, चिप वेगळी असते, वजन आणि ब्रेक वेगळे. त्यासाठी सगळ्या चाचण्या नव्याने होतात. शिवाय कॅमेऱ्याचं सॉफ्टवेअर बऱ्याचदा पुरवठादाराचं असतं आणि त्याला गाडीमागे पैसे जातात. हा खर्च खरा आहे.

पण 'होतच नाही' हे मला पटत नाही. टेस्लाने करून दाखवलंय. त्यांचं फुल सेल्फ ड्रायव्हिंग पॅकेज सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत १५ हजार डॉलरला होतं. लोकांची हीच तक्रार होती, की एवढे पैसे भरून गाडी बदलायची कशी? जुलै २०२३ मध्ये इलॉन मस्क यांनी जाहीर केलं की त्या तिमाहीत नवी गाडी घेणाऱ्यांना पॅकेज हलवता येईल. जुन्या गाडीतून ते निघतं, नव्या गाडीत चालू होतं. तेव्हा 'एकदाच' म्हणाले होते, पुढे तीच सवलत पुन्हा पुन्हा दिली. म्हणजे गाड्या खपवायच्या असल्या की किल्ली हलते. हक्क म्हणून मात्र ती ग्राहकाच्या हातात दिली नाही, आणि काका, भांडायचं असेल तर त्यावर भांडा.

आपल्याकडेही हा प्रश्न मोठा होणार आहे. जुलै २०२५ मध्ये टेस्लाने मुंबईत मॉडेल वाय आणली, तेव्हा याच पॅकेजचा भाव ६ लाख रुपये लावला होता.

टॉवेल_एमएच१३

@होटगीरोड, सनरूफचं उदाहरण मला लागू होत नाही. सनरूफ काढलं तर छताला भोक पडतं आणि घेणाऱ्याचं नुकसान होतं. इथे यंत्र गाडीतच राहतं, हलते ती परवानगी. तरीसुद्धा, गाडीबरोबर जाणार असेल तर माझी अजिबात ना नाही. गुरुजींकडून त्याचे पैसे धरून घेतले असते, तुमच्यासारख्याने भाव दिला असता. मला राग आहे तो तिसऱ्या प्रकाराचा. एकाच वस्तूचे पैसे आधी माझ्याकडून, मग गुरुजींकडून आणि नव्या गाडीत परत माझ्याकडून.

@हिंजवडी, बरं झालं समजावलंस. चाचणीचा खर्च असेल तर चार-पाच हजार बदली फी घ्या, मी देतो. पुन्हा ४६ हजार का?

विमा_सातरस्ता

दादा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर आमच्या धंद्यात कधीच ठरलेलं आहे. गाडी विकली की तिची थर्ड पार्टी पॉलिसी गाडीबरोबर जाते, मोटार वाहन कायद्याच्या कलम १५७ मध्येच तसं आहे. पण नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. पाच वर्षं क्लेम न केलेल्या माणसाला स्वतःच्या गाडीच्या विम्यावर ५० टक्के सूट मिळते, ती तो नव्या गाडीवर नेतो. कंपनी पत्र देते, ते तीन वर्षं चालतं. गाडीचं काय आणि माणसाचं काय, हे आधी लिहिलेलं असतं म्हणून टेबलावर भांडण होत नाही.

आणि हो, नवी गाडी घेताय तर तुमचं ते पत्र आत्ताच मागून ठेवा. निम्मे लोक विसरतात.

वकील_सोलापूर

थोडक्यात लिहितो. सुप्रीम कोर्टाने २००४ मध्ये टाटा कन्सल्टन्सी विरुद्ध आंध्र प्रदेश या खटल्यात सीडीवरचं तयार सॉफ्टवेअर म्हणजे 'माल' असं म्हटलं, पण तो विक्रीकराचा प्रश्न होता. युरोपच्या न्यायालयाने २०१२ मध्ये यूज्डसॉफ्ट प्रकरणात कायमचा परवाना पुढे विकता येतो असा निकाल दिला, मात्र आपल्यावर तो बंधनकारक नाही. तुमच्या कामाचा आहे तो २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा. त्यात एकतर्फी, अन्यायकारक कराराविरुद्ध तक्रार करता येते, पण ती जिल्हा आयोगात नाही, राज्य आयोगात जाते. विकताना 'लाइफटाइम' लिहिलं आणि खातं बदलल्यावर बंद होईल हे लपवलं, असा मुद्दा असेल तर जिल्हा आयोग चालेल.

पहिलं हे सांगा, गाडी तुमच्या नावावर आहे की फर्मच्या? फर्मच्या असेल तर व्यापारी हेतूचा आक्षेप घेतील, म्हणजे गाडी धंद्यासाठी घेतली, तुम्ही ग्राहकच नाही, असं म्हणतील.

टॉवेल_एमएच१३

गाडी माझ्याच नावावर आहे, वकीलसाहेब. नो क्लेम बोनसचं पत्र आजच मागितलं, ताई, माझ्या डोक्यातून ते खरंच गेलं होतं.

काल कंपनीला मेल केला. दोनच गोष्टी लेखी मागितल्या आहेत. लाइफटाइम म्हणजे गाडीचं की मालकाचं, आणि खातं बदलल्यावर पॅकेज बंद होतं हे पैसे भरताना मला कुठल्या पानावर दाखवलं होतं. २०२३ ची पावती आणि पॅकेज चालू असलेल्या स्क्रीनचा फोटो जोडलाय.

गुरुजींना घरी बोलावून सगळं सांगितलं. ते म्हणाले, ट्रायलच्या वेळी क्रूझ बघूनच आम्ही गाडी पसंत केली होती. आरसीचं काम उत्तर येईपर्यंत थांबवायला ते तयार आहेत. तरीही पॅकेज बंद झालंच तर ठरलेल्या किमतीतले २० हजार मी त्यांना परत देईन, तसं स्टॅम्प पेपरवर लिहून दिलंय. उत्तर आलं की इथे टाकतो. तोवर कुणाला कुठल्याही कंपनीकडून याबद्दल लेखी उत्तर मिळालं असेल तर त्याचा फोटो टाका, नाव-नंबर झाकून.