मदत हवी आहे: सोयाबीनचे चितकबरे दाणे, सूक्ष्म आरएनए आणि मिथिलेशन

नमस्कार मंडळी,

मी इंदूरला बायोटेकमध्ये एमएस्सी करतेय. काकांची सांवेरकडे शेती आहे. त्यांच्या जेएस ३३५ या सोयाबीनच्या वाणात यंदा बरेच दाणे चितकबरे निघाले. एरवी पिवळा दाणा आणि काळा डोळा (दाणा शेंगेला चिकटतो ती जागा), एवढंच. यांत डोळ्यापासून शाई फुटल्यासारखे काळे ओघळ सालीभर गेलेत. काका विचारतात, "बियाणं म्हणून ठेवू की मंडीत घालू?" माझा मात्र भलताच गुंता झालाय.

मला कळलंय ते असं. सालीत रंगाला लागणाऱ्या चाल्कोन सिंथेज जनुकाच्या उलटसुलट जोडलेल्या प्रती असतात. त्यांच्यापासून दुपदरी आरएनए बनतो, डायसर हे कापणारं एन्झाइम त्याचे बहुतांश २१ अक्षरी तुकडे पाडतो आणि ते त्याच जनुकाचा एमआरएनए (प्रथिन बनवण्याचा संदेश) कापतात, म्हणून साल पिवळी. डोळ्यात हे घडत नाही म्हणून तो काळा, फुलांतही नाही म्हणून ती जांभळी. झाडात सोयाबीनचा मोझॅक विषाणू शिरला की त्याचं एचसी-प्रो प्रथिन ही कापाकापी थांबवतं आणि रंग परततो. इथवर ठीक.

पण एपिजेनेटिक्सच्या (जनुकाची अक्षरं न बदलता त्याचं काम कसं बदलतं, त्या शास्त्राच्या) पेपरला असते ती वाट वेगळी: पोल ४, आरडीआर२, डीसीएल३ ही एन्झाइमं, मग २४ अक्षरी तुकडे. एजीओ४ हे प्रथिन ते घेऊन पोल ५ या एन्झाइमने बनवलेल्या आरएनएपाशी जातं आणि डीआरएम२ एन्झाइम तिथल्या डीएनएच्या सायटोसिन या अक्षरावर मिथिल गट चढवतं (हेच मिथिलेशन). म्हणजे ट्रान्सक्रिप्शनलाच, जनुकावरून आरएनए उतरवण्यालाच, आळा. सीजी आणि सीएचजी जागांच्या (सी म्हणजे सायटोसिन, जी म्हणजे ग्वानिन, एच म्हणजे ग्वानिन सोडून कोणतंही अक्षर) खुणा एमईटी१ आणि सीएमटी३ ही एन्झाइमं पेशी विभागताना पुढे नेतात. सीएचएचची खूण दर वेळी नव्याने करावी लागते.

तर, सालीतल्या चाल्कोन सिंथेजवर मिथिलेशन अजिबात नसतं, की थोडं तेही असतं? आमच्याकडे बायसल्फाइट सिक्वेन्सिंगची (मिथिलेशन थेट वाचण्याची) सोय नाही. इन्ट्रॉनसकट (नंतर छाटल्या जाणाऱ्या तुकड्यांसकट) असलेला कच्चा आरएनए पिवळ्या आणि डागाळ सालीत मोजला, आणि तो दोन्हीकडे सारखाच निघाला, तर "जनुक चालू आहे, संदेश मात्र कापला जातोय" असं म्हणता येईल का? की परीक्षक इथेच धरतील?

दुसरं, काकांसाठी. साल ही आईची ऊती, त्यामुळे डाग आईच्या झाडाबद्दल सांगतो, आतल्या गर्भाबद्दल नाही, असं मी त्यांना म्हटलं. विषाणू बियाण्यातून जातो, आणि बिनडागी दाण्यातूनही जाऊ शकतो, हेही सांगितलं. त्यावर ते म्हणाले, "मग निवडून काय उपयोग?" ह्याला काय उत्तर देऊ? पेरणीआधी विषाणू तपासायचा तर दाणे भिजवून तपासावेत की रोपं उगवून, हे कुणी प्रत्यक्ष केलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.