मदत हवी आहे: कंपनी रक्त-लघवी मागतेय, नाही म्हणता येतं का?

निशिगंध: भावाला परवा मेडिकलला बोलावलंय. रक्त, लघवी, दारूची टेस्ट, सगळंच. तो पीतबित नाही. पण अशी जबरदस्ती चालते का? कायदा काय म्हणतो? जरा लवकर सांगा.

घाटवाट: नाही म्हणायचं नाही. मोटार वाहन कायदा, कलम १८५, दारू पिऊन गाडी चालवण्याचं. १०० मिलि रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर निघालं की पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पोलिसाला संशय असेल आणि तुम्ही दारू तपासायच्या यंत्रात फुंकायला नकार दिलात, तर वॉरंटशिवाय उचलतात.

मावळती: घाटवाट, ते रस्त्यावरच्या पोलिसांचं झालं. इथे पोलीस कुठून आले? निशिगंध, भाऊ नोकरीत आहे की लागायचाय? काम काय?

निशिगंध: ड्रायव्हर आहे ना. चाकणला स्टाफच्या बसवर. ऑफर लेटर आलंय, सोमवारी जॉइनिंग.

घाटवाट: म्हणजे ड्रायव्हरच! मी काय वेगळं सांगितलं?

जुना_लॅबवाला: दारूसाठी रक्त घेणार असतील तर सुई टोचण्याआधी कातडीला स्पिरिट लावू देऊ नका, तेही अल्कोहोलच. मुंबई दारूबंदीच्या १९५९ च्या नियमांतच आहे, जागा निर्जंतुक पाण्याने पुसायची. बाटलीत सोडियम फ्लोराइड हवं, नाहीतर नमुना खराब होतो. आमच्या वेळी यावरून केस सुटायच्या.

टवाळ: काका, भाऊ पीत नाही म्हणतायत त्या.

जुना_लॅबवाला: न पिणाऱ्यानेच जास्त जपावं. माउथवॉशसुद्धा नको त्या सकाळी.

मावळती: मुद्द्यावर येते. हात धरून रक्त काढायचा अधिकार कंपनीला नाही, डॉक्टरला भावाची संमती लागतेच. पण नकार दिला तर ते ऑफर मागे घेऊ शकतात. बसमध्ये चाळीस माणसं बसणार, दारूची तपासणी मागितली तर मला त्यात गैर वाटत नाही. यादीत नक्की काय काय आहे?

निशिगंध: शुगर, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), लघवीत ड्रग्ज, डोळे, एचआयव्ही.

मावळती: हे शेवटचं आधी सांगायचं होतं! एचआयव्हीसाठी २०१७ चा वेगळा कायदा आहे. समजावून सांगून घेतलेली संमती लागते, आधी आणि नंतर समुपदेशनही. नोकरीची अट म्हणून ही चाचणी लावता येत नाही, खाजगी कंपनीलाही.

घाटवाट: सगळे लावतात. आमच्याकडे पण लावली होती.

मावळती: सगळे लावतात म्हणून कायदेशीर होत नाही.

टवाळ: नार्को टेस्टलाही (औषध देऊन बोलतं करतात ती) संमती लागते बरं का, सुप्रीम कोर्टाचा २०१० चा सेल्वी निकाल. कंपनीने ती मागितली तर सांगा :)

मावळती: टवाळ, गप. निशिगंध, त्याने कशावर सही केलीय का?

निशिगंध: केली असेल. दोन पानं होती, इंग्रजीत. एचआरने सांगितलं इथे इथे करा. आता काय, नोकरी सोडून देऊ म्हणू?

मावळती: तसं कोण म्हणतंय? दिलेली संमती मागे घेता येते. एचआरला मेल करा, मराठीत चालेल: बाकी तपासण्यांना हरकत नाही, एचआयव्ही चाचणीला संमती नाही. परवा लॅबमध्येही रक्त देण्याआधी तेच सांगायचं आणि चिठ्ठीवरून ती चाचणी काटून घ्यायची. आणि त्या दोन पानांची प्रत मागा.

निशिगंध: मेल त्याच्या नावाने की माझ्या?

मावळती: त्याच्याच. आणि आजच.

जुना_लॅबवाला: लघवीच्या बाटलीला सील आपल्यासमोर लावायला सांगा. ते कुणी सांगितलंच नाही.